पॅडलबोर्डवर मी उभी राहिले की कुत्रा पाण्यात: दर वेळी असं का व्हायचं आणि कशाने थांबलं

आधी तक्रार नीट सांगते. तुमचीही हीच असेल तर पुढचं वाचा, नाहीतर वेळ घालवू नका.

पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची लांब, सपाट फळी. तिच्यावर मी गुडघे टेकून बसलेली असते. कुत्रा पुढे, बोर्डच्या नाकाशी. पाच-सात मिनिटं दृष्ट लागावी असं सगळं चाललेलं असतं. मग मी उभी राहते. दोन-तीनदा वल्हं मारते न मारते तोच कुत्रा मागे वळतो, एकदा माझ्या तोंडाकडे बघतो आणि धप्प. तो डावीकडे पडला की मी उजवीकडे, तो उजवीकडे तर मी डावीकडे. काठावरच्या मंडळींची फुकट करमणूक. सहा फेऱ्यांत हे नऊ वेळा झालं. एखाद्या वेळी झालं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं, पण दर वेळी त्याच क्षणी आणि त्याच पद्धतीने होतंय म्हटल्यावर कारण एकच असणार, एवढं कळत होतं. ते कारण शोधायला मला दोन महिने लागले आणि त्यातले सहा आठवडे मी भलत्याच गोष्टीच्या मागे होते.

कुत्र्याचं नाव खंड्या. जात गावठी, वजन १९ किलो. पिल्लू असताना सोसायटीच्या गटाराच्या कठड्यावर तासन्‌तास टपून बसायचा म्हणून हे नाव पडलं. पाण्याशी त्याचा संबंध तेवढाच. माझं वजन ६४. बोर्ड हवा भरायचा, साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. आम्ही राहतो पुण्यात कर्वेनगरला. खडकवासला जवळ पडलं असतं, पण ते शहराचं पिण्याचं पाणी, एका बाजूला एनडीएची, म्हणजे लष्करी प्रबोधिनीची, हद्द. तिथे आपल्या मनाने बोर्ड टाकायचा नसतो. आम्ही जातो पवना धरणाच्या बाजूला, तुंग आणि तिकोना हे किल्ले समोर दिसतात तिथे. एक कॅम्पवाले बोर्ड भाड्याने देतात, स्वतःचा बोर्डही त्यांना विचारून त्यांच्या काठावरून टाकू देतात. कुत्रा चालेल का हे फोनवर आधीच विचारून घ्या. तिथे पोचून वाद घालण्यात सकाळ जाते.

मी काय समजत होते

कुत्रा घाबरतो, असं. पाण्यावर उभं राहिलं की बोर्ड हलतो, हलला की घाबरतो, घाबरला की उडी मारतो. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की कोणी शंकाच घेत नाही. घरातले, शेजारच्या काकू, कुत्रा पाळणारे सगळे मित्र, सगळ्यांचं निदान हेच. मग उपायही भीतीवरचेच. उकडलेल्या चिकनचे तुकडे झाले. बोर्डवर पीनट बटर फासून झालं (ते खाचांतून काढायला जुना टूथब्रश लागतो, करू नका). हॉलमध्ये दोन गाद्यांवर फुगवलेला बोर्ड ठेवून रोज संध्याकाळी सराव झाला. गाद्यांमुळे बोर्ड पाण्यासारखाच डुलायचा, मी त्यावर उभी राहून वल्हं मारल्याचं नाटक करायचे आणि खंड्या वीस-वीस मिनिटं पुतळ्यासारखा बसायचा. आई सिरीयलच्या मध्ये मान वळवून म्हणायची, "अगं, त्याला येतंय सगळं, तुलाच येत नाहीये."

हा सराव चांगला गेला म्हणून मी आणखी फसले. घरी जमतं आणि पाण्यावर जमत नाही, म्हणजे पाण्याचीच भीती, असा मी अर्थ काढला. घरचा बोर्ड कोरडा असतो आणि धरणातला ओला, हा फरक डोक्यात आलाच नाही.

मग नवं लाईफ जॅकेट आणलं. मग कॅम्पवरचा ३४ इंच रुंदीचा बोर्ड भाड्याने घेऊन बघितला. त्यावर खंड्या जरा उशिरा पडला, पण पडलाच. एकदा वैतागून मी त्याचा पट्टा बोर्डच्या पुढच्या कडीला अडकवला. दोन मिनिटंही झाली नसतील, काठावरून नाववाले मामा ओरडले, "ताई, सोडा ते आधी!" पट्टा सोडून काठावर आल्यावर त्यांनी पाण्याखाली काय काय आहे ते सांगितलं: जुन्या झाडांचे बुंधे, बांधांचे दगड, मासेमारीची नायलॉनची जाळी. बोर्ड उलटला आणि कुत्रा पट्ट्याला अडकून खाली राहिला तर वर येणार कसा? कुत्र्याला बोर्डला कधीही बांधायचं नाही. तुमच्या घोट्याचा लीश (तुम्हाला बोर्डशी जोडून ठेवणारी दोरी) वेगळा, तो तुमच्यासाठी, आणि संथ पाण्यात तो असलाच पाहिजे. कुत्र्याच्या अंगावर फक्त जॅकेट.

त्याच दिवशी मामा आणखी एक वाक्य बोलले होते. "ते भित नाय ताई. त्याला पाय ठेवायला जागा नाय." मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. ज्यांचं आयुष्य नावेत गेलं त्यांचं ऐकायचं सोडून मी मोबाईलवर कुत्र्यांच्या मानसशास्त्राचे व्हिडिओ बघत होते.

मग दादाने शूटिंग केलं

तो काही मदत म्हणून नाही, मी पडते ते स्लो मोशनमध्ये घ्यायला आला होता. दुसऱ्या बोर्डवर गुडघ्यांवर बसून, सात-आठ फुटांवरून. रात्री जेवताना तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होता. तिसऱ्यांदा बघताना माझं लक्ष स्वतःवरून हटून खंड्याच्या मागच्या पायांकडे गेलं.

मी उभी राहते. खंड्या मान वळवतो, मग खांदे, मग मागचं अंग फिरवायला लागतो. पुढचे पाय जागेवर घट्ट. मागचा डावा पाय कडेकडे जातो आणि तिथून तो पाय सरकायला लागतो. नखं पसरलेली दिसतात. पार्श्वभाग खाली जातो. तो पाय पुन्हा वर घ्यायला बघतो, पुन्हा सरकतो. आणि मग, पडायच्या अगदी आधी, उरलेल्या तीन पायांनी जोर लावून तो स्वतःला बाहेर फेकतो.

ती उडी नव्हतीच. तो घसरत होता, आणि घसरून कसंतरी पडण्यापेक्षा मांजरासारखं नीट पडावं म्हणून शेवटच्या क्षणी उडी मारत होता. प्रत्यक्षात हे सगळं सेकंदभरात होतं, त्यामुळे डोळ्याला फक्त उडी दिसते.

म्हणून पहिला उपाय हा: काहीही विकत घेण्याआधी कोणाला तरी जवळून स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा आणि कुत्र्याचं तोंड न बघता मागचे पाय बघा. चारही पाय एकदम सुटले तर ती उडी. एक पाय आधी सरकला तर ती घसरण. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि घसरणीवर चिकनचा काही उपयोग होत नाही.

रांगोळीची चाचणी

कुठे घसरतो हे नक्की करायला मी आईच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेतली. पार्किंगमध्ये बोर्ड फुगवून, फिन (तळाचा पंखा) काढून, जुन्या गादीवर ठेवला आणि नाकापासून मधल्या हँडलपर्यंत (बोर्ड उचलायची मूठ) रांगोळीचा अगदी पातळ थर भुरभुरवला. खंड्याला वर बसवलं, मी उभी राहिले, मागून हाक मारली. तो वळला. खाली उतरवल्यावर जे दिसलं ते चित्रासारखं स्पष्ट होतं. बोर्डवर उभं राहायला चिकटवलेल्या फोमच्या खरबरीत भागावर पावलांचे गोल ठसे, चार बोटं आणि मागची गादी, मोजता येतील असे. फोम संपून पुढचा गुळगुळीत पीव्हीसी सुरू होतो तिथे ठसे नाहीतच, नुसत्या रेघा. चार-चार समांतर रेघा, कडेपर्यंत गेलेल्या. हे कोरड्या बोर्डवर. ओल्यावर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. चाचणीनंतर कुत्र्याचे पाय लगेच धुवा, नाहीतर तो ते चाटत बसतो.

टेप लावून मोजलं. माझ्या बोर्डवर हँडलपासून पुढे साडेतीन फुटांवर फोम संपतो. खंड्या चार फुटांवर बसायचा, कारण फोटोत कुत्रे तिथेच बसलेले असतात आणि मी त्याला पहिल्या दिवसापासून तिथेच बसवलं होतं. शिवाय तिथे बोर्ड निमुळता होतो. त्या जागी रुंदी भरली वीस इंच. खंड्या छातीपासून शेपटीच्या बुडापर्यंत दोन फूट. म्हणजे वीस इंचांच्या जागेत चोवीस इंचांचा कुत्रा आडवा फिरायला बघतोय. मागचा पाय कडेला जाणारच, आणि कड गुळगुळीत. मामांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

तुमचा बोर्ड कोणताही असो, हे दोन आकडे घ्या: कुत्रा बसतो तिथली रुंदी आणि कुत्र्याची लांबी. रुंदी कमी भरली तर बाकी काही तपासू नका, आधी जागा बदला.

जागा बदलली की तुमचीही बदलते

खंड्याला मी हँडलच्या दीड फूट पुढे आणलं, म्हणजे जवळजवळ माझ्या पायांशी. तिथे रुंदी पूर्ण ३२ इंच आणि खाली फोम. फोटो तितका ऐटदार येत नाही, एवढीच अडचण.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बोर्ड म्हणजे तराजू, हँडल म्हणजे साधारण त्याचा काटा. १९ किलोचा कुत्रा चार फूट पुढे असेल तर १९ गुणिले ४ म्हणजे ७६. हे पेलायला ६४ किलोच्या मला हँडलच्या मागे ७६ भागिले ६४, म्हणजे साधारण चौदा इंच उभं राहावं लागतं. कुत्रा दीड फुटावर आला की हेच अंतर पाच-साडेपाच इंचांवर येतं. कुत्र्याची जागा बदलली आणि स्वतः मात्र सवयीने मागेच उभं राहिलं तर बोर्डचं मागचं टोक बुडतं, नाक वर येतं आणि तो वाऱ्यावर भोवऱ्यासारखा फिरायला लागतो. पहिल्या दिवशी माझं तेच झालं. आता मी मार्करने दोन पायांच्या जागी फुल्या मारल्या आहेत. दादा म्हणतो स्टेजवर नाटकवाले मारतात तशा. मारू देत.

मी नेहमी विरुद्ध बाजूला का पडायचे, तेही या हिशोबात समजतं. कुत्रा डावीकडे जाताना पायांनी बोर्डला उजवीकडे ढकलतो आणि त्याच वेळी डावीकडचं वजनही नाहीसं होतं. कुत्रा हँडलजवळ असला की हा धक्का बोर्डच्या रुंद भागावर बसतो, त्यामुळे पडलाच तरी मी बहुतेक वेळा तग धरते. धरता नाही आला तर गुडघ्यांवर बसा. लाज कसली.

तो वळतोच का?

हा भाग मला सगळ्यात उशिरा सुचला, आणि बिनखर्चाचा आहे. गुडघ्यांवर असताना मी त्याच्याशी सतत काहीतरी बोलत असायचे. उभी राहिले की तोल सांभाळण्याच्या नादात माझं तोंड बंद. मागून येणारा आवाज अचानक थांबला की कोणीही वळून बघेल, आपणही बघतो. तो मला शोधायला वळत होता.

म्हणून आता मी उभी राहताना पाढे म्हणते. हसू नका. गाणं म्हटलं तर दम लागतो, गप्पा मारायला विषय लागतो, पाढे तोंडातून आपोआप येतात. बे एके बे पासून सुरू करते, बे दाहे वीसपर्यंत मी सरळ उभी असते. खंड्या कान मागे करून ऐकत राहतो, मान वळवत नाही. तीनच्या पाढ्यापर्यंत आम्ही काठापासून बऱ्यापैकी आत गेलेले असतो. उभं राहायची रीतही महत्त्वाची: वल्हं आडवं धरून दोन्ही हात बोर्डवर टेकायचे, एक पाय आधी, दुसरा नंतर, दोन्ही पाय हँडलच्या जरा मागे, दोन बाजूंना, आणि नजर लांब तिकोन्यावर. खाली कुत्र्याकडे बघत उठलात की डोकं पुढे जातं आणि बोर्ड डचमळतो.

पायाखालचं

जागा बदलून सत्तर टक्के काम झालं असं समजा. उरलेलं पायाखाली होतं.

आधी मी बाथरूमबाहेरचं पायपुसणं टाकून पाहिलं. पाणी पिऊन ते भिजलेल्या गोधडीसारखं जड झालं आणि कुत्र्यासकट सरकलं. तागाचं तर विचारूच नका. शेवटी बोहरी आळीत स्वयंपाकघराच्या ट्रॉलीत भांडी सरकू नयेत म्हणून घालतात ती जाळीदार रबरी मॅट घेतली. ती खाली, त्यावर जुन्या योगा मॅटचा कापलेला तुकडा, आणि त्याची पुढची कड बोर्डच्या इलॅस्टिक दोरीखाली दाबलेली. योगा मॅट पाणी शोषत नाही आणि खंड्याला ती घरची ओळखीची, आईने प्राणायाम सोडल्यापासून ती त्याचीच आहे. मॅट टाकल्यावर कुत्रा कुठे बसायचं हे स्वतःच ओळखतो, हा फायदा मी धरला नव्हता.

नखं. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर नखं वाढलेली आहेत आणि पावलांच्या गाद्या पूर्ण टेकत नाहीत. गावठी कुत्र्यांची नखं बहुतेक काळी, आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून एकदम खोल कापू नका. थोडं थोडं, आठवड्याच्या अंतराने, किंवा डॉक्टरांकडून.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं निदान महिनाभर चुकत राहिलं. मधल्या दोन शनिवारी खंड्या पंचवीस-पंचवीस मिनिटं पडला नव्हता. त्याच जागी, त्याच बोर्डवर. मी काय वेगळं केलं हे आठवून आठवून थकले. हवा, वेळ, नाश्ता, सगळं तपासलं. शेवटी कॅलेंडर बघताना लक्षात आलं की त्या दोन्ही शनिवारी आई मावशीकडे वाईला होती.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मी काय करणार? फक्त शुक्रवारी रात्री त्याच्या तळव्यांना तेल लावते. डांबराने किती भेगा पडल्यात बघ बाळाच्या."

खोबरेल तेल. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्याने तळवे कोरडे पडतात म्हणून ती मायेने दर शुक्रवारी चांगलं चोळून लावत होती आणि मी दर शनिवारी पहाटे त्याला ओल्या पीव्हीसीवर उभा करत होते. आता आमच्यात तह झालाय: तेल शनिवारी संध्याकाळी, परत आल्यावर. तुमच्या घरी कोणी असं लावत नसेलही, पण तुम्ही स्वतः लावलेलं सनस्क्रीन हातावरून बोर्डवर उतरतंच. ते साबणाने धुवून काढा. तसंच चिखल. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला चिकट गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यातून चालत आलेला कुत्रा थेट वर घेऊ नका, आधी घोटाभर पाण्यात चारही पाय खळखळून घ्या.

बोर्ड मऊ पडत असेल तर

सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने डगमग, अशी तक्रार असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. हवेचा दाब बघा. या बोर्डांना साधारण १२ ते १५ पीएसआय लागतात, तुमच्या बोर्डवर छापलेला आकडा खरा माना. हातपंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ हलतच नाही, त्यामुळे पंप बिघडलाय असं समजून लोक अर्धवट भरून निघतात. शिवाय तापलेल्या काठावर भरलेला बोर्ड गार पाण्यात टाकला की आतली हवा आकुंचन पावते आणि दाब एखादा पीएसआय उतरतो. पाण्यात टाकून दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन जणांचं वजन पुढे-मागे असलं की मऊ बोर्ड मध्ये खचतो, आणि खचलेल्या बोर्डवर कुत्र्याला सतत उतारावर उभं राहिल्यासारखं होतं. मला एकदा हळू गळती सापडली होती ती व्हॉल्व्हच्या रबरी कडेत अडकलेल्या खंड्याच्या केसामुळे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघून कळलं. केस काढला, गळती बंद. तोपर्यंत मी पंक्चरचं सामान मागवून बसले होते.

जॅकेटबद्दल थोडंसं

तयार मिळणारी जॅकेटं भरल्या अंगाच्या कुत्र्यांच्या मापाची असतात असं माझं मत झालंय. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि पोट आत गेलेलं. पोटावरचा पट्टा मागे सरकतो, जॅकेट कलतं आणि कुत्र्याचा तोल त्या बाजूला जातो. घरी जॅकेट घालून पाठीवरच्या हँडलने त्याला दोन सेकंद हलकेच उचलून बघा. जॅकेट डोक्याकडे गेलं किंवा बगलेत रुतलं तर माप चुकलंय. मी बॅगा शिवणाऱ्या काकांकडून पुढच्या दोन पायांमधून जाणारा एक पट्टा जोडून घेतला. ते हँडल मात्र हवंच, कारण पाण्यातून वर घ्यायचा तो एकच नीट मार्ग आहे. दोघेही पाण्यात असाल तर आधी तुम्ही वर चढा. पोहणारा कुत्रा घाबरून तुमच्या खांद्यावर चढायला बघतो, नखं लागतात आणि तुम्ही खाली जाता. तुमच्या आणि त्याच्या मध्ये बोर्ड राहील असं बघा. वर आलात की मध्यभागी गुडघे टेका, त्याला बोर्डच्या हँडलच्या रेषेत कडेला आणा आणि तुमचं वजन मागे टाकत जॅकेटच्या हँडलने एका दमात ओढा. तुम्हालाही जॅकेट, पोहता येत असलं तरी.

घसरण नसेल आणि तरीही पडत असेल तर

वेळ बघा. सकाळी नऊ-दहानंतर वारा उठतो आणि पाणी चुरगळायला लागतं. साडेसहाला पाण्यावर आणि नऊला काठावर, हे आमचं वेळापत्रक. फोमवर हाताची मागची बाजू टेकून बघा. गडद रंगाचा फोम उन्हात इतका तापतो की कुत्रा एकेक पाय उचलायला लागतो आणि ते बघून आपल्याला वाटतं अस्वस्थ आहे. त्यावर पाणी मारत राहा. निघण्याआधी त्याला फिरवून आणा. मधेच शू लागली की तो काय करणार बिचारा.

पाण्यात चेंडू टाकून आणायला लावत असाल तर एक गंभीर गोष्ट. चेंडू धरताना दर वेळी तोंडात पाणी जातं, आणि फार पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ उतरतं. कुत्रा सुस्त झाला, उलटी झाली, पोट फुगलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर तो दमलाय म्हणून झोपवू नका, सरळ डॉक्टर गाठा. तो तोल जाणं बोर्डमुळे नसतं. पाण्यावर हिरवी साय दिसली तर त्या दिवशी परत फिरा. लेप्टोची (घाण पाण्यातून होणारा एक आजार) लस वर्षाच्या वर्षी. घरी आल्यावर कान कोरडे. पावसाळ्यात आम्ही जातच नाही, आणि शहरातल्या मुळा-मुठेत कुत्र्याला उतरवायचा विचारही करू नका. त्या पाण्यात काय असतं ते पुलावरून जाताना नाकाला कळतंच.

सध्याची स्थिती

जागा बदलून, मॅट टाकून, तेलाचा तह होऊन चार शनिवार झाले. पहिल्या तीनमध्ये एकदाही नाही. मामांना जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "मंग? म्या काय म्हणलो व्हतो?" आणि विडी पेटवली.

परवा चौथ्या शनिवारी चाळीस मिनिटं झाली होती, मी साताच्या पाढ्यावर होते, आणि खंड्या गेला. मी उभीच राहिले, हे माझं मला कौतुक. दादाचा व्हिडिओ होताच. काठावर येऊन लगेच स्लो मोशनमध्ये बघितलं. कान पुढे, शेपटी ताठ, चारही पाय एकदम सुटलेले, मॅट जागच्या जागी. समोर वीसेक फुटांवर गावातल्या म्हशी डुंबायला उतरल्या होत्या.

यावर अजून उपाय सापडलेला नाही.